एकशेचार नंबरची हजेरी

“मागच्या बाकावर बसवायचे, आसं लिवू नगंस. खोटं हाय ते. बाकावर कुटंबी बसा, कुनी इचारत नव्हतं. नंबर मागं व्हता. नंबर लिव.”

“काका, जरा गिरणी बंद करता का? या आवाजात फोनवर काहीच रेकॉर्ड होत नाहीये.”

“मधीच बंद केली तर दगडात घास आडकतोय. पवारबाईचं थोडं ऱ्हायलंय, तेवढं हुंदे. तवर बोल तू, मला ऐकू येतंय.”

मेघना बनसोडेनं फोन पर्समध्ये टाकला आणि वही काढली. वहीवर पीठ बसलं. तिनं फुंकर मारली, परत बसलं. मग तिनं नाद सोडला.

वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीत, तळमजल्याच्या कोपऱ्याला महिपत सरतापेची गिरण आहे. गिरण त्याची, पाटी जुन्या मालकाची. तो कोकणातला म्हातारा कायमचा गावाला गेला आणि जाताना गिरण ह्याच्या हवाली करून गेला. त्याला बावीस वर्षं झाली, पण महिपतनं पाटीला हात लावला नाही. पाटीवर गणपती आहे आणि ‘परब’ असं नाव आहे. नवं गिऱ्हाईक ह्याला परब म्हणून हाक मारतं आणि हा ओ देतो.

गेल्या मंगळवारी मात्र त्यानं मीटरच्या शेजारी, गिऱ्हाइकाच्या बरोब्बर डोळ्यांसमोर, एक पत्रिका चिकटवली. कल्याणच्या एका कॉलेजला पन्नास वर्षं पुरी होत होती. रविवारी समारंभ होता. सत्कारमूर्तींच्या यादीत, चांगल्या जाड अक्षरात, श्री. महिपत धोंडिबा सरतापे. सत्कार कशाबद्दल, तर त्र्याऐंशी सालच्या हजेरी आंदोलनाबद्दल.

पत्रिका लागली आणि आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. समोरच्या इमारतीतली माणसं त्याला अहो-जाहो करायला लागली. आणि बी-विंगच्या कर्णिकबाई, ज्या वीस वर्षं दर एकादशीच्या आधी राजगिरा आणि वरी घेऊन यायच्या, त्यांचा उपासाचा डबा यायचा बंद झाला. गहू येतो, ज्वारी येते. उपासाचं तेवढं आता दुसरीकडं. बाईंनी तोंडानं काही म्हटलं नाही. महिपतनंही विचारलं नाही. आडनाव वाचून माणसं काय करतात हे त्याला नव्यानं शिकायचं नव्हतं. पण पत्रिका त्यानं काढली नाही. ही असली हिंमत त्याला साठीला टेकल्यावर झाली होती आणि तिच्यापायी त्यानं पांढरा शर्ट लाँड्रीत देऊन कडक इस्त्री करून आणला होता.

पवारबाई डबा न्यायला आल्या. दळण झालेलं बघून म्हणाल्या, “मालक, रविवारी शाल मिळणार म्हणे! आम्हाला कधी बोलला नाहीत, एवढे मोठे पुढारी आहात ते.”

“कसला पुढारी वो. गर्दी कराय बलिवलंय.”

“असू दे, असू दे. शाल पांघरून दळायला बसू नका म्हणजे झालं, आमच्या पिठात लोकर यायची.” बाई हसत डबा घेऊन गेल्या. मेघनाही हसली. महिपतनं चाळणी आपटली आणि पुढचा डबा वर चढवला.

मेघना त्याच कॉलेजात इतिहास शिकवते. स्मरणिकेतली हजेरी आंदोलनाची चार पानं तिच्याकडं आली, ती काही उगीच नाही. तिचा बाप चांगदेव बनसोडे आंदोलनातल्या चौदा जणांतला एक होता. चांगदेव दोन वर्षांमागं गेला. चौदांपैकी सध्या हयात पाच; त्यातला एक दुबईला, एक अंथरुणाला, दोघांचा पत्ता नाही. उरला महिपत. तो तर ठाण्यातच, हाकेच्या अंतरावर दळत बसला होता, आणि तरी बापाच्या मयतीला कसा आला नाही, हे मेघनाच्या मनात आलं होतं. पण ती बोलली नव्हती.

“हं, नंबर,” ती म्हणाली. “सांगा नीट.”

महिपत सांगायला लागला. त्याचं गाव माणदेशातलं, वयाच्या बाराव्या वर्षी आईबरोबर कल्याणला आला, पण बोली तिकडची सोडली नाही. ठाण्यात कितीजणांनी नाकं मुरडली, तरी नाही सोडली.

त्र्याऐंशी सालच्या जूनमध्ये एफ.वाय. सायन्सच्या वर्गात एकशेदहा पोरं होती. एक ते शहाण्णव अशी आडनावाच्या अक्षरानं ओळीत लावलेली. मग मस्टरवर तांबडी रेघ. रेघेखाली सत्त्याण्णव ते एकशेदहा, ही फ्रीशिपवाली चौदा पोरं. ह्यांना अक्षरबिक्षर काही नाही, फॉर्म आले तसे टाकलेले. चांगदेव एकशेतीन, महिपत एकशेचार, कारण दोघांनी एकाच छत्रीतनं जाऊन फॉर्म भरला होता. प्रॅक्टिकलच्या जोड्या नंबरवारीनं पडायच्या, म्हणजे रेघेखालच्याची जोडी रेघेखालच्याशीच. बर्नर वेगळा, ओटा वेगळा, आणि नियमाच्या कागदावर कुठंच काही वावगं नाही.

“आन् सर कसं करायचं, ठावं हाय?” महिपत म्हणाला. “शाण्णव झालं की थांबायचं. पेल्यातलं पानी प्यायचं. पेला झाकायचं. मग म्हनायचं, नाइन्टी सेवन. तेवढ्यात समदा वर्ग मान वळवून आमच्याकडं बघून घ्यायचा. रोजच्या रोज. सकाळी साडेसातला. पानी प्याल्यात त्यांचं काय चुकलं, सांग? तहान लागली आसंल.”

ऑफिसात दोनदा अर्ज दिला. क्लार्क म्हणाला, यादी वरनंच अशी येते. वर म्हणजे कुठनं, ते त्यानं सांगितलं नाही.

मग जी युक्ती निघाली ती महिपतच्या डोक्यातली. सरांनी ‘वन’ म्हटलं, की चौदाच्या चौदा पोरांनी उभं राहून ‘येस सर’ म्हणायचं. आणि सत्त्याण्णवपासनं पुढं आपापला नंबर आला की गप्प बसायचं. आम्हाला हा नंबर नको, दुसरा द्या, एवढंच म्हणणं. ना दगड, ना घोषणा. सोळा ऑगस्टला सुरू केलं. पहिल्या दिवशी वर्ग हसला, सरही हसले. चौथ्या दिवशी कुणी हसेना. पाचव्या दिवशी बाळ उभा राहिला.

बाळचा नंबर अकरा. घर पेठेत, वडील वकील, दारात स्कूटर. “हे अन्यायाचं आहे,” म्हणाला, “आम्हीसुद्धा आमच्या नंबरला बोलणार नाही.” त्याच्यासकट वीस जण गप्प झाले. गेटवर बाळचं भाषण झालं. गावातल्या एका साप्ताहिकात फोटो आला, त्यात मधोमध बाळ आणि कडेला चांगदेवचा अर्धा खांदा.

मग नोटीस लागली. हजेरी पंचाहत्तर टक्के भरली नाही तर टर्म मंजूर नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही. आणि फ्रीशिपचा कायदा असा, की वर्ष गेलं की सवलत बंद.

“आन् लागला टायफाइड!” महिपतनं मांडीवर हात मारला. “इसच्या इस जणांला. एकाच आठवड्यात, एकाच डॉक्टरचं सर्टिफिकेट. घरोघरचं बाप आलं, कागद दिलं, मागली हजेरी लागली. बाळ तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनला भजी खात व्हता. टायफाइडचा मानूस!”

“तेच बाळासाहेब रविवारी तुम्हाला शाल घालणार आहेत,” मेघना म्हणाली. “संस्थेचे उपाध्यक्ष आहेत आता.”

“वाचलं पत्रिकंत.”

“तुमची काही हरकत?”

“माजी कसली हरकत. घालू दे की. त्यांची शाल, त्यांचा नारळ.”

मेघनानं वहीतनं छापील कागद काढला. “मी लिहिलेलं वाचून दाखवते. चूक असेल तिथं थांबवा. ‘ऑगस्ट १९८३ मध्ये मा. बाळासाहेबांच्या पुढाकारानं...’ हे वाक्य मला घालावं लागलं, काका. त्यांच्या सहीशिवाय स्मरणिका छापायला जात नाही. पण त्याच्याखाली मी माझं वाक्य घातलंय. ते त्यांनी वाचलं आणि काही म्हणाले नाहीत. ऐका. ‘सत्तेचाळीस दिवस त्या चौदांपैकी एकाही विद्यार्थ्यानं आपल्या नंबरावर हजेरी दिली नाही. चौदाही जणांचं वर्ष गेलं. पुढल्या जूनपासून वर्गाची यादी एकाच ओळीत लागली.’ बरोबर?”

गिरण चालूच होती. महिपत हॉपरमध्ये वाकून गहू सारखे करत राहिला. गहू सारखेच होते.

“हे वाक्य बाबांचं आहे,” मेघना जरा मोठ्यानं म्हणाली. “शीळफाट्याच्या खडी मशिनवर सतरा वर्षं काढली त्यांनी. धूळ खाऊन खाऊन खोकला लागला, मग वॉचमनकी. पण मला मार्क कमी पडले, की तेच. ‘चौदातला एकबी बोलला न्हाई, आन् तू एका पेपराला भितीस?’ नेटच्या परीक्षेला मी दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा बसले ती ह्या एका वाक्यावर. रविवारी तुम्हाला माईक देणार आहेत, दोन मिनिटं. तुम्ही दुसरं काही बोलू नका. फक्त हे वाक्य बोला. बाबा असते तर ते बोलले असते.”

महिपतनं खटका खाली ओढला. दगड फिरत फिरत थांबला. हॉपरमध्ये अर्धे गहू तसेच होते. गिरणीचा आवाज गेल्यावर रस्त्यावरच्या रिक्षांचा आला.

“घास अडकेल ना?” मेघना म्हणाली.

“आडकू दे. तेरा लिव.”

“काय?”

“तेरा. चौदा न्हाई.”

मेघनाला वाटलं, म्हातारा मोजण्यात चुकला. तिनं बोटांवर मोजत नावं घ्यायला सुरुवात केली. नवव्या नावाला महिपत म्हणाला, “नावं बरुबर हाईत. बोलला न्हाई, त्ये तेरा. म्या बोललो.”

त्यानं कपाळावरचं पीठ हातानं पुसलं, हाताला पीठच होतं.

“तेविसावा दिवस. सरांनी पानी प्यालं. नाइन्टी सेवन, गप. येक येक करत तुझ्या बापापात्तूर आलं. वन हन्ड्रेड थ्री. चांगद्या गप. वन हन्ड्रेड फोर. म्या म्हनलो, येस सर. सरांचाच इस्वास बसंना. त्यांनी परत इचारलं, वन हन्ड्रेड फोर? म्या परत म्हनलो, येस सर. दोनदा म्हनलो, पोरी. एकदा तोंडातनं निसटलं म्हनाय जागा न्हाई.”

मेघनानं वही मिटली. मग उघडली. मास्तरकीची सवय, तारखा विचारायला लागली. “तेविसावा म्हणजे सप्टेंबरात. शिकवलेले दिवस धरले तर बारा-तेरा तारीख. मग पुढं?”

“पुढं काय. पंचाहत्तर टक्के भरलं. परीक्षा दिली. पास झालो. सेकंड क्लास.”

“वर्ष नाही गेलं तुमचं?”

“न्हाई.”

“आणि तुम्ही शिक्षण सोडलं, ते?”

“ते फुडं. जूनमधी यादी लागली. एका वळीत, ए-बी-सी-डी. रेघ न्हाई काय न्हाई. माजा नंबर आला ब्याऐंशी. सरांनी पेला आनला व्हता, पर पानी प्यायची जागाच हुकली त्यांची. आन् ज्यांच्यापायी त्यो नंबर आला, त्यातला येकबी वर्गात नव्हता. दोन म्हैने बसलो. मग न्हाई बसवलं. उठलो.”

“का बोललात पण?”

ह्या प्रश्नाचं उत्तर महिपतकडं चाळीस वर्षं तयार होतं. बायकोला त्यानं तेच सांगितलं होतं, पोराला तेच. त्याची आई हौसाबाई त्याच कॉलेजात झाडूवाली होती. ऑफिसनं तिला बोलावलं आणि सांगितलं, पोराला गप कर, नाहीतर तू घरी बस. हे खरंच होतं. ह्या कारणावर कुणी पुढं बोलत नसे. आई म्हटल्यावर माणसं मान हलवून गप्प होतात.

मेघनालाही त्यानं तिथवर सांगितलं. तिनं मान हलवली. “मग तुमचा दोष कसा...” ती म्हणायला लागली.

“थांब. आजून हाय.” महिपत दगडाच्या कडेला टेकला. “आईनं घरी येऊन सांगितलं, ऑफिसात आसं म्हनलं. आन् म्हनली, ‘तू बोलू नगंस. माजं मी बघती. खराटा काय, धा जागी हाय.’ आसं म्हनली ती. म्होरल्या सकाळी वर्गाच्या भायेर वऱ्हांडा झाडत व्हती. तिनं ऐकलं माजं येस सर. दोन्हीबी ऐकलं. झाडत झाडत तशीच फुडं गेली. निकाल लागला तवा पेढा दिला तिला, तिनं त्यो फडताळात ठेवला. मुंग्या लागूस्तवर थितंच व्हता. मरूस्तवर मला तिनं त्याचं काय इचारलं न्हाई. आईचं नाव म्या फुडं केलं, ते माज्या सोईनं. भ्यालो व्हतो म्या. येवढंच हाय. दुसरं शोधू नगंस, सापडायचं न्हाई.”

बाहेर कुणीतरी डबा ठेवून गेलं. “परब, ज्वारी आहे, संध्याकाळी नेते,” असा आवाज आला. महिपतनं हात वर केला.

“बाबांनी ऐकलं?”

“शेजारीच व्हता की. कोपराला कोपर.”

“काय म्हणाले?”

“काय न्हाई. म्होरल्या दिशी सर वन म्हनलं, तेरा पोरं उठली. त्योबी उठला. म्या बसलो व्हतो. त्याच्या उठण्यानं बाक हालला, तेवढं मला कळलं. प्रॅक्टिकलला आमी जोडीदार. गैरहजर लागत व्हता तरी येत व्हता. बर्नर पेटवून द्यायचा. ‘आसिड दे’, ‘नळी धर’, येवढंच बोलायचा. टर्म संपूस्तवर तेवढंच. म्या त्याच्या मयतीला का आलो न्हाई, ते तुझ्या तोंडावर दिसतंय कवापास्नं. तर आसं हाय.”

मेघनानं छापील कागदातल्या ‘चौदा’वर बोट ठेवलं. मग म्हणाली, “बाबा मला चौदा का सांगायचे मग? तुम्हाला वाचवायला?”

“मला आसं वाटत न्हाई. तेरा म्हनलं की लोक इचारत्यात, चौदावा कोन. मग समदी गोष्ट त्या चौदाव्याचीच व्हती. बाकीच्यांचं वरीस गेलं, खडी फोडली, ते ऱ्हातं बाजूला. त्याला ते नको आसंल. माज्यासाठी न्हाई. त्यांच्यासाठी.” त्यानं तिच्याकडं बघितलं. “पर तू तेरा लिव. खरं लिव. माईकवर म्या सोताच सांगतो. बाळच्या देखत सांगतो.”

हे म्हणताना त्याचा आवाज जरा वर चढला. इस्त्रीचा शर्ट, माईक, समोर भरलेला हॉल आणि आपण खरं बोलतोय, हे त्याला त्या घटकेला दिसलं आणि बरंही वाटलं. बिनपाण्यानं धुऊन निघाल्यासारखं.

मेघनाला ते दिसलं.

“आणि मग काय होईल माहितीये?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, वर्गात पोराला समजावतात तसं म्हणाली. “बाळासाहेब उठतील, तुम्हाला मिठी मारतील. म्हणतील, माणूस आहे, चुकतो, मोठं मन लागतं कबूल करायला. फोटो निघतील. आणि परत बसताना शेजारच्याला सांगतील, बघा, त्यांच्यातलाच फुटला होता, आम्हाला कशाला नावं ठेवता. वीस जणांचा टायफॉइड झाकायला तुमचं एक ‘येस सर’ पुरेल त्यांना, काका. आयुष्यभर पुरेल. म्हणून तर ते वाक्य वाचून काही बोलले नाहीत. त्यांना माहीत असणार. राखून ठेवलं असणार.”

महिपतच्या डोक्यात हे आलं नव्हतं. चाळीस वर्षं तो एवढंच धरून बसला होता, की एक दिवस खरं सांगून टाकायचं. खऱ्याचा उपयोग दुसऱ्याच कुणाला व्हायचा, हे त्यानं धरलं नव्हतं.

“मग काय करू म्हंतीस?”

“मी चौदाच ठेवणार. बाबांनी ठेवलं तसं. इतिहास शिकवते मी, मला कळतंय मी काय करतेय.” ती उठली, कुर्त्याचं पीठ झटकायला लागली. जितकं झटकावं तितकं पसरत होतं. “पण तुम्ही रविवारी यायचं नाही.”

“बरं.”

“आजारी आहेत म्हणून सांगेन.”

“टायफाइड सांग,” महिपत म्हणाला.

मेघना हसली नाही. बोलून गेल्यावर त्यालाही हसू आलं नाही.

“नाव छापून येईल तुमचं. चौदांतलं. ते मला काढता येणार नाही,” ती म्हणाली. “स्मरणिका पाठवू का नको?”

“नगं.”

ती पायरीपर्यंत गेली. तिथनं मीटरकडं बघितलं, परत आली आणि पत्रिकेच्या एका कोपऱ्याची चिकटपट्टी नखानं सोडवायला लागली. पिठानं ती घट्ट बसली होती. महिपतनं लांबूनच सांगितलं, “वरनं वढ. खालनं फाटंल.” तिनं वरनं ओढली. पत्रिका अख्खी निघाली. घडी घालून तिनं वहीत ठेवली आणि ‘येते’ न म्हणता गेली. घोडबंदर रोडकडं जाणाऱ्या रिक्षेला हात केला, ती थांबली नाही, दुसरीला केला.

महिपतनं तिकडं बघायचं टाळलं. गहू अर्ध्यात ठेवून गिरण बंद केली होती, त्यामुळं व्हायचं तेच झालं होतं. वरचा दगड अडकला होता. त्यानं हॉपरमधले गहू तगारीत उपसले, पाना घेतला, नट ढिला केला, पहारीनं दगड उचलला. मधे भरडा गच्च बसला होता. तो बोटांनी खरवडून काढला, ब्रशनं दोन्ही दगड साफ केले. एवीतेवी उघडलाच आहे म्हणून टाकीनं दोनचार जागी घाव घातले, तिथं दगड गुळगुळीत झाला होता. मग दगड बसवला, नट आवळला आणि गहू परत वर ओतले.

खटका वर केला. पट्टा दोनदा घसरला, मग त्यानं पकड घेतली. पहिलं पीठ जाड पडलं. महिपतनं ते चिमटीत धरून चोळून बघितलं, दगड जवळ आणायची चाकी अर्धा फेरा फिरवली आणि ज्वारीचा डबा उचलून रांगेत मागं ठेवला.